रडारची लहर गिळणारं कापड आणि आपल्या चादरीतला ‘रिपीट’

परवा रात्री साडेअकराला आमच्या एका मित्राचा व्हॉट्सॲप आला. त्याचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, शाळेपासूनची दोस्ती, त्यामुळं वेळकाळ बघायची सवय दोघांनाही नाही. आयआयटी कानपूरनं नोव्हेंबर २०२४ मधे ‘अनालक्ष्य’ नावाचा एक प्रकार दाखवला होता, त्याची जुनी बातमी फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचली होती आणि खाली एकच ओळ, “का बे, हे कापड रडारला दिसत नाही म्हणे, आपल्या मागावर निघंल का?”

आधी मी हसलो, मग बातमी परत वाचली आणि गप्प बसलो. कारण त्यात खरंच लिहिलंय की हा टेक्स्टाईलवर केलेला मायक्रोवेव्ह शोषक आहे, म्हणजे कापडच. आणि तो चालतो कशामुळं, तर कुठल्या गुप्त केमिकलमुळं नाही, नक्षीमुळं. ठराविक मापाची नक्षी, एकीशेजारी एक, हजारो वेळा. सोलापुरात चादरीचं डिझाईन करणाऱ्या माणसाला याच्यापेक्षा ओळखीची गोष्ट दुसरी कुठली असणार, तो त्याला ‘रिपीट’ म्हणतो, फिजिक्सवाले ‘युनिट सेल’ म्हणतात, एवढाच फरक.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि घरी लहानपणी चार यंत्रमाग होते, त्यामुळं दोन्हीकडची थोडी थोडी भाषा येते. मित्राला फोनवर दीड तास जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

मायक्रोवेव्ह म्हणजे फक्त ओव्हन नाही

मोबाईल, वायफाय, टोलनाक्यावरचा फास्टॅग, रडार, सॅटेलाईट, सगळं एकाच खानदानातलं. रेडिओ लहरीच, फक्त लांबीला कमी. ३०० मेगाहर्ट्झपासून ३०० गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींना मायक्रोवेव्ह म्हणतात आणि त्यांची लांबी एक मीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत येते. हा लांबीचा मुद्दा पक्का धरून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, त्याची लहर साधारण ३५ सेंटिमीटर. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झ, लहर १२ सेंटिमीटर. २०१८-१९ ला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं सोलापूरच्या आभाळात ढगांवर प्रयोग केले, विमानानं बीज पेरायचे, आठवत असेल, तेव्हा इथं जे रडार होतं ते सी बँडचं, लहर पाच सेंटिमीटरच्या आसपास. आणि लष्करी कामात, सॅटेलाईटवरनं फोटो काढायच्या कामात फार वापरला जाणारा एक्स बँड म्हणजे ८ ते १२ गिगाहर्ट्झ. १० गिगाहर्ट्झला लहर बरोब्बर ३ सेंटिमीटर, पुढं उदाहरणाला मी हाच आकडा घेणार आहे.

मग ॲल्युमिनियम फॉइल का नको?

मित्राचा पहिला प्रश्न हाच होता. फॉइल गुंडाळली की लहर आत जात नाही ना, मग झालं की.

नाही झालं. लहर कशावरही पडली की तिचं तीनपैकी काहीतरी होतं, थोडी परत फिरते, थोडी आरपार जाते, थोडी आतच मुरते. फॉइल आरपार जाऊ देत नाही हे खरं, पण मुरवतही नाही, जवळजवळ सगळी परत पाठवते. रडारला तर तेच पाहिजे असतंय, त्याचा धंदाच परत आलेल्या लहरीवर चालतो. फॉइल गुंडाळलेली वस्तू म्हणजे रडारपुढं आरसा धरून उभं राहणं.

आपल्याला पाहिजे असं काहीतरी की लहर आली आणि तिथंच संपली. मागं धातूचा थर ठेवला की आरपार जायचा रस्ता बंद, ते सोपं आहे. राहिलं काय, तर पुढनं परत फिरणं बंद करायचं. सगळी इंजिनिअरिंग या एका गोष्टीसाठी.

आता क्रिकेटचा कॅच आठवा. बॉल जोरात येतोय आणि तुम्ही हात दगडासारखे कडक धरले तर बॉल हातावर आपटून उडतो. हात एकदमच ढिले सोडले तर बॉल हात ढकलून मागं छातीवर बसतो. चांगला फिल्डर काय करतो, बॉलच्या वेगाला जुळेल एवढे हात मागं घेतो आणि बॉल हातातच मरतो. लहरीचंही असंच आहे. मोकळ्या हवेतनं येणाऱ्या लहरीचा स्वतःचा एक ‘कडकपणा’ असतो, त्याला इम्पिडन्स म्हणतात आणि तो ३७७ ओहम भरतो. समोरच्या पृष्ठभागाचा इम्पिडन्स ३७७ च्या आसपास असला तर लहरीला कळतच नाही की काही आडवं आलंय, ती सरळ आत शिरते. धातूचा इम्पिडन्स जवळजवळ शून्य, म्हणून ती आपटून उडते. जुळवणी करायची आणि मग आत घेऊन मारायची, ही दोन कामं. एकच केलं तर उपयोग नाही.

जुना उपाय चालतो, पण चादरीची गादी होते

हे काम मेटामटेरियलच्या, म्हणजे या नक्षीवाल्या मालाच्या, कितीतरी आधीपासून होत आलंय. विनफिल्ड सॅलिसबरी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला १९५२ मधे याचं एक पेटंट मिळालं आणि आयडिया इतकी सुंदर आहे की मला अजून शिकवायला मजा येते. धातूचा पत्रा घ्या, त्याच्यापुढं लहरीच्या लांबीच्या बरोब्बर पाव अंतरावर एक पातळ कागदासारखा थर ठेवा ज्याचा रेझिस्टन्स दर चौरसाला ३७७ ओहम आहे. लहर आत जाताना पाव लांबी चालते, पत्र्यावर आपटताना उलटी होते, परत येताना पुन्हा पाव लांबी चालते. या सगळ्या हिशेबात पत्र्याचं असणं पुढच्या थरापुरतं जणू पुसलं जातं, लहरीला फक्त तो ३७७ चा थर दिसतो आणि ती त्याच्यात उष्णता होऊन संपते.

मग अडचण काय? अंतर. १० गिगाहर्ट्झला पाव लांबी म्हणजे साडेसात मिलिमीटर, एवढं ठीक आहे म्हणू. वायफायच्या २.४ ला तीन सेंटिमीटरच्या वर. फास्टॅगच्या फ्रिक्वेन्सीला तर साडेआठ सेंटिमीटरच्या पुढं. ही काय चादर आहे का, ही तर गादी झाली. मोठमोठ्या अँटेना टेस्टिंगच्या खोल्यांत भिंतीला निळे-काळे फोमचे सुळके लावलेले फोटोत बघितले असतील, ते कार्बन घातलेले शोषक, काम एक नंबर करतात पण एकेक सुळका हातभर. ते अंगावर घालून कोण फिरणार.

इथं नक्षी कामाला येते

माणसाला एक तास घालवायचा असेल तर दोन रस्ते आहेत. एक, होटगी रोडनं लांब चालत जाऊन परत येणं. दुसरा, सिद्धेश्वराच्या मंदिराला प्रदक्षिणा घालत बसणं. वेळ तेवढाच जातो, पण जागा किती लागली बघा. सॅलिसबरीची लहर होटगी रोडनं जाऊन येते. मेटामटेरियलमधली लहर जागच्या जागी फिरते.

करायचं असं की मागं धातूचा थर, मधे वीज न वाहू देणारा पातळ थर, कापड किंवा प्लास्टिक, आणि पुढं धातूची बारीक नक्षी, चौकोन, कडी, क्रॉस, काहीही. नक्षीतला एक रिपीट लहरीच्या लांबीपेक्षा बराच लहान ठेवायचा. मग लहरीला एकेक चौकोन वेगळा दिसतच नाही, तिला सगळं मिळून एक सलग पदार्थ वाटतो. ओव्हनच्या दाराच्या जाळीला भोकं असतात तरी १२ सेंटिमीटरच्या लहरीला ती दिसत नाहीत, तिच्यासाठी तो पत्राच, तोच प्रकार. आणि त्या ‘सलग पदार्थाचे’ गुण तांब्याचे नसतात, कापडाचे नसतात, नक्षीचे असतात. मेटामटेरियल म्हणतात ते हेच, बाजारात मिळणाऱ्या मालातनं, फक्त रचनेच्या जोरावर, बाजारात न मिळणारे गुण काढणं.

आता थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९८ मधे जगदीशचंद्र बोस यांनी तागाचे धागे पिळून त्यांच्या जुड्या केल्या आणि त्यातनं मायक्रोवेव्ह सोडून दाखवलं की लहरीच्या कंपनाची दिशा फिरते. ताग तोच, पिळ दिल्यावर गुण वेगळा. मेटामटेरियल हा शब्द यायला अजून शंभरेक वर्षं होती आणि इकडं कलकत्त्यात धाग्याला पिळ देऊन तेच चाललेलं. धाग्याच्या गावात राहून हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

पुढचा इतिहास भराभर. १९६७ ला रशियाच्या व्हेसेलागोंनी कागदावर मांडलं की लहरीला उलट्या बाजूला वळवणारा विचित्र पदार्थ असला तर काय होईल, १९९९ ला इंग्लंडच्या जॉन पेंड्रींनी फाट असलेल्या कड्यांनी तो कसा बनवता येईल ते दाखवलं, २००० ला अमेरिकेत डेव्हिड स्मिथ आणि मंडळींनी बनवला. आणि २००८ मधे लँडी, पॅडिला वगैरेंनी याच रचनेतनं शोषक केला, ११.५ गिगाहर्ट्झला ८८ टक्क्यांच्या वर शोषण मोजून दाखवलं, एकाच पातळ थरात. तिथनं पुढं या विषयावर पेपरांचा पूर आला.

एका रिपीटच्या आत काय चालतं

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर झोके बघितलेत ना. झोक्याला त्याच्या तालात हलका धक्का देत राहिलं तर तो आपोआप वर वर जातो, ताल सोडून दिला तर कितीही ताकद लावा, नुसता थरथरतो. नक्षीतला एकेक तुकडा म्हणजे एकेक झोका. लहर आली की धातूच्या त्या तुकड्यात करंट इकडनं तिकडं पळतो, दोन तुकड्यांमधल्या फटीत चार्ज साठतो, परत मोकळा होतो. पळायचा रस्ता लांब असला की ताल संथ, फट अरुंद असली की चार्ज जास्त साठतो आणि ताल अजून संथ. म्हणजे डिझाईन करणाऱ्याच्या हातात दोन मुठी आहेत, रेषेची लांबी आणि फटीची रुंदी, त्या फिरवून तो ताल पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीवर आणून बसवतो.

साधा चौकोन घेतला तर अंदाज सोपा आहे, चौकोनाची बाजू लहरीच्या अर्ध्याएवढी. पण लहर कापडात किंवा प्लास्टिकमधे शिरली की आखडते, त्यामुळं सर्किट बोर्डच्या मटेरियलवर १० गिगाहर्ट्झसाठी सात मिलिमीटरच्या आसपासचा चौकोन लागतो, सुती कापडावर बारा. आणि मधला थर एक मिलिमीटर पुरतो. कुठं साडेसात आणि कुठं एक.

आता गंमतीचा भाग, इथं बरेच लोक चुकतात. ताल जुळला म्हणजे लहर मेली असं नाही. झोका वर गेला, पण त्याची ताकद कुठंतरी घालवायला पाहिजे, नाहीतर तोच झोका उलटी लहर बाहेर फेकायला लागतो. ती ताकद मधल्या थरात आणि धातूच्या रेझिस्टन्समधे घासून घासून उष्णता होते. मग वाटतं, घासणं जितकं जास्त तितकं चांगलं, ओता अजून कार्बन. चूक! घासणं कमी पडलं तर लहर परत बाहेर, घासणं जास्त झालं तर झोका हलायलाच तयार नाही, मग लहर सरळ मागच्या धातूवर आपटून परत. दोन्हीकडनं नापास. जेवढी ताकद दर झोक्याला बाहेर निसटते बरोब्बर तेवढीच आत घासली गेली तरच परावर्तन शून्य होतं. कॅचचे हात आठवा, कडकही नको आणि ढिलेही नको. म्हणून भारीतला, कमी घासणारा माल घेतला की शोषक चांगला होतो असं नाही, कधी कधी स्वस्तातलं सर्किट बोर्डच बरं पडतं कारण त्यात मुळात घासणं थोडं जास्त असतं. इलेक्ट्रॉनिक्समधे स्वस्त माल जिंकायचे प्रसंग कमीच येतात, तेवढंच समाधान.

नक्षी चारही बाजूंनी सारखी पाहिजे, म्हणजे नव्वद अंशात फिरवली तरी तशीच दिसली पाहिजे. का, तर लहरीच्या कंपनाला दिशा असते, उभी असेल आडवी असेल. नुसत्या उभ्या पट्ट्यांची नक्षी केली तर एक दिशा गिळेल, दुसरी सोडून देईल. चौकोन, गोल, अधिकचं चिन्ह, हे म्हणून चालतात, आणि मोराची चादर चालत नाही.

बाकी डिझाईनची पद्धत विशेष सांगण्यासारखी नाही, कॉम्प्युटरवर एकच रिपीट काढायचा, सॉफ्टवेअरला सांगायचं की चारी बाजूंना हाच अनंत पसरलाय असं समज, मापं बदलत ग्राफ बघत बसायचं. मग नमुना करायचा, समोर हॉर्न अँटेना लावायचे, आधी साध्या पत्र्यावरनं किती परत येतं ते मोजायचं आणि मग नमुन्यावरनं किती. पेपरात ‘उणे १० डीबी’ लिहिलेलं असतं म्हणजे ९० टक्के गिळलं, उणे २० म्हणजे ९९ टक्के.

कडक भाकरीचा नियम

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बातम्यांत हेच कधी येत नाही.

वरचा झोका एकाच तालावर चालतो. १० गिगाहर्ट्झ गिळेल, ११ ला बरंचसं परत पाठवेल. समोरच्यानं रडारची फ्रिक्वेन्सी थोडी सरकवली की खेळ खलास. मग पट्टा, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठल्यापर्यंत गिळतो ती रुंदी, वाढवायला लोक काय काय करतात, एकात एक लहान मोठ्या कड्या बसवतात म्हणजे प्रत्येकीचा ताल वेगळा, तांब्याच्या जागी कार्बनची रेझिस्टन्सवाली शाई वापरतात म्हणजे झोका जरा आळशी होतो आणि आजूबाजूचे तालही धरतो, थरावर थर चढवतात. मधल्या थरात जितकी हवा जास्त तितका पट्टा रुंद होतो, म्हणून जाळीदार फुगीर कापडांवर लोकांचा डोळा आहे. पण फुकट काहीच नाही.

कॉन्स्टँटिन रोझानोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं २००० मधे याची मर्यादा गणितानं बांधून दाखवली. समजून घ्यायला आपली भाकरी घ्या. पिठाचा गोळा ठरलेला आहे. तो मोठा थापला तर भाकरी पातळ होणार, जाड ठेवली तर लहान होणार. गोळा म्हणजे तुमच्या शोषकाची जाडी, भाकरीचा घेर म्हणजे किती रुंद पट्टा गिळतो, आणि भाकरीचा जाडेपणा म्हणजे किती खोलवर गिळतो, ९० टक्के की ९९. तेवढ्याच गोळ्यात घेर आणि जाडेपणा दोन्ही वाढवून कुणी दाखवू शकत नाही, कितीही भारी नक्षी काढा.

आकडे घालून बघू. पूर्ण एक्स बँड, ८ ते १२, ९० टक्के गिळायचा असेल तर या नियमानं कमीत कमी जाडी येते पाऊण मिलिमीटरच्या किंचित आत. ९९ टक्के पाहिजे तर दुप्पट, दीड मिलिमीटर. म्हणजे हे कापडात बसतंय. पण २ ते १८ गिगाहर्ट्झ सगळं पाहिजे म्हटलं तर ९० टक्क्यांनाच पावणेआठ मिलिमीटर, आणि हा आदर्श आकडा, प्रत्यक्षात जास्तच लागतं. लोहाची भुकटी वगैरे चुंबकीय माल घातला तर मर्यादा सैल होते, पण मग वजन असं वाढतं की कापड कुठलं, ती लादी.

म्हणून ‘अर्ध्या मिलिमीटरचा थर, सगळ्या रडारपासून सुटका’ असं कुठं वाचलं तर मनातल्या मनात भाकरी थापून बघा. जुलै २०२५ ला सोडलेला निसार हा सॅटेलाईट घ्या, शांततेच्या कामाचा आहे, शेती, भूकंप, हिमनद्या बघतो, पण त्याचं एक रडार एल बँडवर चालतं, लहर २४ सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरींचा रुंद पट्टा पातळ कापडानं गिळणं म्हणजे एका गोळ्यात लग्नाची पंगत उठवायची.

वाकवलं, घडी घातली, घाम आला, मग?

पत्र्यासारख्या ताठ बोर्डावर हे सगळं सोपं असतं. वाकणारं करायचं म्हटलं की कटकट सुरू. मटेरियल पुष्कळ आहेत, पॉलिइमाईडची पिवळी फिल्म, पॉलिस्टरची फिल्म, सिलिकॉन रबर, फेल्ट, डेनिम. वर नक्षी छापायला चांदीची किंवा कार्बनची शाई, आणि छापायची पद्धत म्हणजे आपल्याकडं टी-शर्ट छापतात तीच, स्क्रीन आणि शाई ओढायची रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी.

गोल वस्तूवर गुंडाळलं की मधल्या भागावर लहर सरळ पडते पण कडेला तिरकी, आणि तिरक्या लहरीसाठी जुळवणी बिघडते. बऱ्याच डिझाईन ४५ अंशांपर्यंत तग धरतात, पुढं गळतात. ताणलं की चौकोन लांबतो आणि मधला थर पातळ होतो, दोन्हीनं ताल सरकतो. घडी घातली की शाईला तडा, आणि तडा म्हणजे करंटचा रस्ता तुटला, तो झोका मेला.

आणि पाणी. पाण्याला या लहरी फार आवडतात. कापूस नेहमीच्या हवेतच वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरून बसतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, हे टेक्स्टाईलवाल्यांना पाठ असतं. मी आणि मित्रानं हौस म्हणून एक नमुना केला तेव्हा याचा दणका बसला. चांदीची शाई परवडेना, मग तांब्याची टेप आणली आणि गाड्यांच्या नंबरप्लेटचं रेडियम कापणाऱ्याकडं प्लॉटरवर बारा मिलिमीटरचे चौकोन कापून घेतले, त्याला वाटलं देवाचं काहीतरी यंत्र करतोय. मित्राच्या कारखान्यातलं सुती कापड थरावर थर ठेवून मिलिमीटरभर केलं, मागं फॉइल. एका ओळखीच्या लॅबमधे मोजलं तर १० ला यायचा खड्डा, म्हणजे ग्राफवर परत येणारी लहर सगळ्यात कमी होते ती जागा, आला ९.४ ला. पावसाळ्याचे दिवस, कापड दमट, लहर आत जास्त आखडली. परत येऊन नमुन्यावर इस्त्री फिरवली, गरम गरम पिशवीत बांधून नेला, तर खड्डा ९.७ च्या आसपास सरकला. उरलेली चूक आमच्या कापण्याची आणि चिकटवण्याची. त्यामुळं माझं मत, सुती कापड या कामाला नको, पॉलिस्टरच बरं, आणि हे सोलापूरच्या टॉवेलवाल्याला सांगताना मला जरा जड गेलं.

मग विमान गायब होणार का?

नाही. विमान रडारवर कमी दिसतं त्यात मोठा वाटा त्याच्या आकाराचा असतो, सपाट तिरक्या बाजूंनी लहर दुसरीकडंच उडवून द्यायची. शोषक थर त्याच्यावरची मदत. कापडाचा उपयोग जास्त करून जमिनीवरच्या, उभ्या असलेल्या गोष्टींना, झाकायला.

आणि फक्त युद्धाचीच कामं आहेत असंही नाही. एका डब्यात दोन-चार रेडिओ कोंबलेले असतात तिथं एकाचा आवाज दुसऱ्याला त्रास देतो, मधे पातळ शोषक लावला की भांडण मिटतं. जपानमधे टोलची यंत्रणा ५.८ गिगाहर्ट्झवर आहे, तिथं छतावरनं लहर उडून शेजारच्या लेनमधल्या गाडीशी बोलणं होऊ नये म्हणून शोषक लावतात. माझ्या मते रोजच्या आयुष्यात पैसा इथंच आहे.

गिळलेली लहर जाते कुठं, कापड पेटणार नाही का?

उष्णताच होते, पण केवढी. सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर ऊन हजार वॅटच्या घरात ओतत असतं. लांबच्या रडारची लहर त्यापुढं किस झाड की पत्ती. रडारच्या तोंडाशीच कापड धरलं तर गोष्ट वेगळी.

मोबाईलला हे स्टिकर लावू का?

हा प्रश्न येणारच होता, मित्राच्या आईनंच विचारला. म्हटलं, काकू, नका लावू. बाजारात ‘रेडिएशन शोषणारे’ म्हणून जे चकचकीत गोल मिळतात त्यांचा आणि या लेखाचा काही संबंध नाही. समजा एखादं खरंच गिळणारं निघालं, तर फोनची टॉवरपर्यंतची लहरही गिळणार, आणि फोनची सवय अशी की टॉवर नीट ऐकेना झाला की तो अजून जोरात ओरडतो. बॅटरी लवकर संपेल आणि डोक्याजवळचा आवाज वाढेल, उलटाच धंदा. फोनसाठी आपल्याकडं मर्यादा ठरलेली आहे, शरीराच्या एका ग्रॅमवर सरासरी काढून किलोमागं १.६ वॅट. टॉवरसाठी २०१२ ला आपण आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली होती. आणि ‘५जी पासून बचाव’ म्हणून गळ्यात घालायचे जे लॉकेट विकले जात होते त्यातले काही स्वतःच किरणोत्सर्गी निघाले, नेदरलँड्सच्या सरकारी अणुसुरक्षा खात्यानं डिसेंबर २०२१ मधे वापरू नका म्हणून इशारा दिला होता. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, मग त्या दिवशी दोनशेला घेतलं त्याचं काय करू. ते मला सांगता आलं नाही.

तर मागावर निघंल का?

निघेल, अर्धं. मधला थर आणि पाया आपल्याला जमण्यासारखा आहे, पॉलिस्टरचं फुगीर कापड एकसारख्या जाडीचं विणणं हे आपलंच काम. नक्षी विणून काढायची तर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, धातूचा धागा घालता येईल, पण धाग्यानं काढलेल्या चौकोनाची कड दातेरी येते आणि उभा आडवा धागा जिथं भेटतो तिथं वीज नीट जोडली जाईल याची खात्री नाही, त्यापेक्षा विणलेल्या कापडावर शाईनं छापणं सरळ. शाईचा रेझिस्टन्स मात्र सगळीकडं सारखा पाहिजे, स्क्वीजीचा दाब एका बाजूला जास्त पडला की तिथला थर जाड, रेझिस्टन्स कमी, जुळवणी गेली. टी-शर्टवर हा फरक डोळ्यालासुद्धा दिसत नाही.

मापाचं तर विचारूच नका. बारा मिलिमीटरच्या चौकोनात एक दशांश मिलिमीटर चूक झाली तर १० गिगाहर्ट्झचा ताल ऐंशीएक मेगाहर्ट्झनं सरकतो, आणि असे हजारो चौकोन, त्यात कापड आटणार, ताणणार, धुतल्यावर अजून वेगळं. हे सांगितल्यावर मित्र फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आमच्यात तीस बाय साठचा टॉवेल अर्धा इंच कमी भरला तर गिऱ्हाईक काय म्हणत नाही बे.”

मग थोड्या वेळानं, “पॉलिस्टरचं सॅम्पल पाठवू का?”

मी म्हटलं पाठव, आणि येताना इस्त्री पण घेऊन ये.